फुगलेली नदी आणि काठचा मासा

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागात कॅट्सकिल नावाची डोंगररांग आहे. तिच्यातील रॉस्को या छोट्या गावाजवळ, बीव्हरकिल नदीच्या काठावर आम्ही उभे होतो. झाडांना अजून पालवी फुटलेली नव्हती. उत्तर उतारांवर बर्फाचे पट्टे शिल्लक होते. नदी दोन्ही काठ भरून, चहासारख्या फिकट तपकिरी रंगाने वाहत होती. आमच्या सोबत प्रयोगशाळेतील एक ज्येष्ठ सहकारी होते. ट्राउट मासे पकडण्याचा त्यांना चाळीस वर्षांचा छंद. छातीपर्यंत येणारे रबरी बूट, काठी, माश्यांची डबी असा सगळा सरंजाम त्यांनी गाडीतून काढला. मग खिशातल्या फोनवर एक आकडा पाहिला, तापमापी दोरीला बांधून पाण्यात सोडली, तीन मिनिटांनी दुसरा आकडा वाचला, आणि बूट परत गाडीत ठेवून दिले.

"आज नदीत पाय घालायचा नाही," ते म्हणाले. "पण मासा मिळेल. दुपारी, काठापासून दोन हातांवर."

दोन आकड्यांवरून एवढे कसे सांगता येते? त्या दिवशी त्यांनी आम्हांला जे समजावून सांगितले, आणि नंतर आम्ही जे वाचले, पडताळले, ते या लेखात मांडत आहोत. विषय दूरच्या नदीचा आहे. पण त्यातले भौतिकशास्त्र आपल्या गावच्या ओढ्यालाही लागू पडते, आणि ते विद्यार्थ्यांना ठाऊक असणे हा कधीकधी जिवाचा प्रश्न असतो.

माशीने मासा पकडणे

आधी या छंदाविषयी थोडेसे. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. 'फ्लाय फिशिंग'मध्ये खरे आमिष नसते. छोट्या गळावर पिसे, केस आणि धागे गुंडाळून कीटकासारखी दिसणारी एक नकली माशी तयार करतात. ती इतकी हलकी असते की भिरकावली तरी दूर जात नाही. म्हणून वजन माशीला न देता दोरीला दिलेले असते. लवचीक काठीने जाड दोरी हवेत पुढेमागे झुलवायची आणि तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकवायची, असे हे तंत्र आहे.

हे तंत्र इंग्लंडमधून अमेरिकेत आले. १८९० मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी थिओडोर गॉर्डन या अमेरिकी छांदिष्टाला आपल्या काही माश्या टपालाने पाठवल्या. इंग्लंडच्या संथ, नितळ ओढ्यांसाठी बनवलेल्या त्या माश्या कॅट्सकिलच्या खळाळत्या नद्यांत जशाच्या तशा चालण्यासारख्या नव्हत्या. गॉर्डन यांनी तेथील कीटक पाहून नव्या माश्या बांधल्या. 'क्विल गॉर्डन' ही माशी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बीव्हरकिलच्या परिसराला अमेरिकी फ्लाय फिशिंगचे माहेर म्हणतात ते यामुळे. ('किल' हा डच भाषेतला शब्द. त्याचा अर्थ ओढा.)

यातला मासा मात्र पाहुणा आहे. कॅट्सकिलचा मूळचा रहिवासी ब्रुक ट्राउट. तपकिरी ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आली. हाच तपकिरी ट्राउट १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून काश्मीरच्या नद्यांतही आणला गेला. तेव्हा बीव्हरकिलच्या माशाचे भाऊबंद आपल्या देशातही, बर्फाच्याच पाण्यात, राहतात.

पहिला आकडा: विसर्ग

आमच्या सहकाऱ्यांनी फोनवर पाहिलेला आकडा होता १८०० क्युसेक. पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो, "धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सोडला," तोच हा क्युसेक. एका सेकंदात एखाद्या जागेवरून किती घनफूट पाणी पुढे गेले, ते हा आकडा सांगतो. ३५.३ क्युसेक म्हणजे एक घनमीटर प्रति सेकंद. त्या हिशेबाने १८०० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५१ घनमीटर, अर्थात ५१ टन पाणी.

अमेरिकेत नद्यांचा विसर्ग मोजण्याचे काम तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते करते. त्यांचे पहिले मापनकेंद्र १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे सुरू झाले. बीव्हरकिलवर रॉस्कोच्या खाली कुक्स फॉल्स येथे असेच केंद्र आहे. केंद्रातले यंत्र प्रत्यक्षात मोजते ती फक्त पाण्याची उंची. निरनिराळ्या उंचीला किती पाणी वाहते, हे माणसांनी वेळोवेळी प्रत्यक्ष मोजून एक आलेख तयार केलेला असतो. त्या आलेखावरून उंचीचे रूपांतर विसर्गात होते.

कडक उन्हाळ्यात हीच नदी दीडशे क्युसेकच्या आसपास येते. मग एप्रिलमध्ये एवढे पाणी कुठून येते? बर्फातून, हे उत्तर सोपे आहे. पण बर्फ वितळायला लागणारी उष्णता येते कुठून, हा प्रश्न अधिक मजेदार आहे.

एक ग्रॅम बर्फ वितळवण्यासाठी ८० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी ० पासून ८० अंश सेल्सियसपर्यंत तापले असते. आता समजा, बर्फावर १० अंश तापमानाचा १ सेंटिमीटर पाऊस पडला. दर चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅम पाणी आले. ते शून्य अंशापर्यंत निवताना १० कॅलरी देईल. एवढ्या उष्णतेत वितळेल फक्त १० भागिले ८०, म्हणजे एक अष्टमांश ग्रॅम बर्फ. पाऊस बर्फाला धुऊन नेतो असे आपल्याला वाटते, पण पावसाच्या स्वतःच्या उष्णतेने फारसे काही होत नाही.

खरे काम करते ती दमट, उबदार हवा. हवेतली वाफ थंड बर्फावर सांद्रित होते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ६०० भागिले ८० म्हणजे साडेसात. एक ग्रॅम वाफेचे दव झाले, तर साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो! म्हणूनच उबदार वाऱ्यासह येणारा पाऊस या डोंगरांत घातक ठरतो. जानेवारी १९९६ मध्ये कॅट्सकिलवर बर्फाचा जाड थर असताना असा पाऊस आला, बर्फ एकदम वितळला आणि या भागातील नद्यांना मोठे पूर आले.

स्वच्छ, उन्हाच्या दिवसांत मात्र वितळण्याला एक लय असते. दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो, ते पाणी ओढ्यांतून नदीत यायला काही तास लागतात. त्यामुळे नदीची सर्वाधिक उंची संध्याकाळी किंवा रात्री येते. विसर्गाच्या आलेखात रोज एक लहान उंचवटा दिसतो. सकाळी ओलांडलेली उथळ जागा परत येताना तशीच असेल असे नाही.

दुसरा आकडा: तापमान

तापमापीने दाखवले ६ अंश सेल्सियस. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान म्हणजे पाण्याचेच तापमान. तापमान सुमारे १० अंशांनी घटले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जे. एम. एलियट यांनी तपकिरी ट्राउटवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे या माशाची वाढ ढोबळमानाने ४ ते १९ अंशांच्या दरम्यानच होते, आणि १३ अंशांच्या आसपास ती सर्वाधिक असते.

थंड पाण्यात प्राणवायूची चणचण नसते, उलट चंगळ असते. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, १० अंशाला ११.३ आणि २० अंशाला ९.१. म्हणजे एप्रिलमधल्या माशाची अडचण श्वासाची नाही, शक्तीची आहे. ६ अंशाला अन्न पचायलाच फार वेळ लागतो. अशा वेळी लांबवर पोहत जाऊन एखादा कीटक पकडणे त्याला परवडत नाही. अन्न तोंडाजवळून गेले तर तो ते घेतो, एरवी जागचा हलत नाही.

कीटकांचेही वेळापत्रक तापमानावर चालते. ट्राउटचे मुख्य खाद्य म्हणजे मेफ्लाय या गटातले कीटक. त्यांची पिल्ले नदीच्या तळच्या दगडांखाली साधारण वर्षभर वाढतात. प्रौढ होऊन पंख फुटले की हवेत एक-दोन दिवस जगतात, अंडी घालतात आणि मरतात. क्विल गॉर्डन ही माशी ज्याची नक्कल आहे तो इपिओरस हा मेफ्लाय कॅट्सकिलमध्ये वसंतात सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी एक. दुपारचे पाणी १० अंशांच्या आसपास जाऊ लागले की तो बाहेर पडतो. त्याची एक लकब विशेष आहे. बहुतेक मेफ्लाय पृष्ठभागावर येऊन कात टाकतात, हा मात्र तळाशीच कात टाकतो आणि ओले पंख घेऊन वर येतो.

सकाळी ६ अंश असलेले पाणी स्वच्छ उन्हात दुपारी तीनपर्यंत ९ ते १० अंशांवर जाऊ शकते. "दुपारी" असे आमचे सहकारी म्हणाले होते ते याच हिशेबाने. उन्हाळ्यात पहाटेची वेळ चांगली, वसंतात दुपारची. नियम वेगवेगळे दिसतात, पण दोन्हींमागे तापमापीच आहे.

मासा गेला कुठे?

आता मुख्य प्रश्न. ५१ टन पाणी दर सेकंदाला वाहत असताना थंडीने सुस्तावलेला, पाऊण किलोचा मासा वाहून कसा जात नाही?

नदीकडे पाहताना आपल्याला तिचा पृष्ठभाग दिसतो, आणि साऱ्या पाण्याला तोच वेग असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तळाला टेकलेले पाणी घर्षणामुळे जवळजवळ थांबलेले असते. वर जावे तसा वेग वाढत जातो. दगडगोट्यांच्या तळावर, दगडांच्या मधल्या खळग्यांत आणि मोठ्या दगडांच्या मागे व पुढेही, पाण्याचा वेग फारच कमी असतो. विसर्ग मोजणारे लोक सरासरी वेग हवा असेल तर पृष्ठभागावर मोजत नाहीत. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश इतके खाली मोजतात, ते यामुळेच.

जे तळाबाबत, तेच काठाबाबत. काठाशी पाण्याला घासायला दगड, मुळे, झुडपे असतात. नदी फुगली की मधल्या प्रवाहाचा वेग खूप वाढतो, पण पाणी पसरून काठच्या झुडपांत शिरते आणि तेथे उथळ, संथ पट्टा तयार होतो. वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली सीमा पृष्ठभागावर फेसाच्या रेघेसारखी दिसते.

माशाच्या दृष्टीने या फरकाची किंमत किती आहे पाहा. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्या रोधाविरुद्ध एका जागी टिकून राहायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. मध्यभागी सेकंदाला दीड मीटर आणि काठाशी पाऊण मीटर असा वेग असेल, तर काठी सरकलेल्या माशाचा खर्च आठ रुपयांवरून एका रुपयावर येतो. जोडीला फेसाच्या रेघेवरून वाहत येणारे कीटक तोंडापाशी मिळतात. मासा कमी खर्चाची आणि भरपूर मिळकतीची जागा शोधतो, आणि फुगलेल्या नदीत ती जागा बहुधा काठालाच असते.

मासे पकडणाऱ्याचे सारे कसब यातून ठरते. माशी तळाजवळ पोचली पाहिजे, म्हणून तिच्यात शिशापेक्षाही जड अशा टंगस्टनचा छोटा मणी बसवतात. पाणी गढूळ असेल तर माशी मोठी आणि गडद रंगाची घेतात, म्हणजे तिची आकृती दिसते. दोरी वेगवान प्रवाहावर पडली तर माशीला ओढत नेते, आणि तळच्या संथ पाण्यात वेगाने धावणारा कीटक माशाला खोटा वाटतो. म्हणून प्रवाहाच्या पलीकडे फेकण्यापेक्षा काठाच्या समांतर, जवळच फेकणे हिताचे. नवखा माणूस मात्र घाईने कमरेइतक्या पाण्यात उतरतो आणि दूर मध्यभागी माशी फेकतो. मासे ज्या जागी होते, नेमका तिथेच तो उभा असतो!

न उतरण्याचा हिशेब

आता रबरी बूट गाडीत परत का गेले ते पाहू. समजा, नदी ५० मीटर रुंद आणि सरासरी ८५ सेंटिमीटर खोल आहे. छेदाचे क्षेत्रफळ झाले ४२.५ चौरस मीटर. विसर्ग ५१ घनमीटर. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १.२ मीटर, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगापेक्षाही कमी. ऐकायला काहीच वाटत नाही.

पण माणूस त्यात उभा राहिला की त्याच्या दोन्ही पायांचे मिळून सुमारे पाव चौरस मीटर क्षेत्र पाण्याच्या समोर येते. रोधाचे सूत्र वापरले तर या वेगाला पायांवर साधारण २०० न्यूटन, म्हणजे २० किलोग्रॅम वजनाइतके बल येते. त्याला तोलून धरते ते तळव्यांचे घर्षण. सत्तर किलोच्या माणसाचे पाय पाण्यात बुडाले की प्लावक बलामुळे त्याचा भार सुमारे ५० किलोच राहतो. शेवाळलेल्या गोट्यांवर घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर घर्षण मिळेल ५० गुणिले ०.४, म्हणजे २० किलोइतके. दोन्ही बाजू सारख्या! माणूस अगदी कडेलोटावर उभा आहे. एक पाऊल उचलले, एक गोटा हलला, की तोल गेला. आणि वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. ८० किलोच्या रेट्यापुढे कोणाचेही पाय टिकणार नाहीत.

अमेरिकेत विसर्ग मोजायला नदीत उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक सोपा नियम आहे. फुटांतील खोली आणि सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार १० च्या घरात गेला की पाण्यात उतरायचे नाही. मेट्रिक मापांत ही मर्यादा सुमारे ०.९ येते. आपल्या उदाहरणात ०.८५ गुणिले १.२ बरोबर १.०२. मर्यादा ओलांडली आहे.

त्यात पाणी ६ अंशांचे. एवढ्या थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही. माणूस नकळत धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत घेतो. दहा मिनिटांच्या आसपास हातापायांची बोटे नीट काम देईनाशी होतात. पट्टीचा पोहणाराही अपवाद नाही.

न उतरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते माणसाच्या भल्याचे नसून माशाच्या भल्याचे आहे. तपकिरी ट्राउटची मादी शरद ऋतूत गोट्या-वाळूत खळगा करून अंडी घालते. हिवाळ्याच्या अखेरीस पिल्ले अंड्यांतून निघतात, पण वसंतापर्यंत ती गोट्यांच्या फटींतच दडून, पोटाच्या पिवळ्या बलकावर जगत असतात. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ब्रूस रॉबर्ट्स आणि रॉबर्ट व्हाइट यांनी अशा खळग्यांवरून माणूस चालला तर काय होते, याचा प्रयोग प्रसिद्ध केला. वाढीच्या पूर्ण काळात रोज दोनदा चालल्यास ९६ टक्क्यांपर्यंत अंडी व पिल्ले मेली. पिल्ले अंड्यांतून निघण्याच्या थोडे आधी फक्त एकदा चालल्यानेही ४३ टक्क्यांपर्यंत हानी झाली. न्यूयॉर्क राज्यात २०२१ पासून ट्राउटच्या ओढ्यांवर वर्षभर मासेमारीला परवानगी आहे, मात्र १६ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात पकडलेला मासा सोडून द्यावा लागतो. मासा सोडला तरी पायाखालच्या पिल्लांचे काय, हा प्रश्न उरतोच.

शेजारची धरणाची नदी

बीव्हरकिलवर मोठे धरण नाही. शेजारच्या डेलावेअर नदीच्या दोन शाखांवर मात्र न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारी पेपॅक्टन आणि कॅननस्व्हिल ही धरणे आहेत. त्यामुळे वसंतात एक चमत्कारिक दृश्य दिसते. बर्फ वितळून बीव्हरकिल दुथडी वाहत असते, आणि तेव्हाच कॅननस्व्हिल भरायचे बाकी असेल तर त्याच्या खालची नदी शांत असते, कारण सारे पाणी धरण साठवून घेते. धरण भरून सांडव्यावरून वाहू लागले की तीही फुगते.

तापमानाचाही फरक पडतो. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, म्हणून हिवाळ्यात धरणाच्या तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी साठते. उन्हाळा सुरू झाल्यावरही तळचे पाणी थंडच राहते, आणि तळाच्या दारांतून सोडलेल्या या पाण्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा बीव्हरकिलचे ट्राउट उष्णतेने बेजार होतात, तेव्हा धरणाखालचे ट्राउट सुखात असतात. वसंतात हाच थंडपणा कीटकांना काही दिवस मागे ठेवतो. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दोन नद्या, पण त्यांची पंचांगे वेगळी.

ही पंचांगे सरकतही आहेत. कॅट्सकिलच्या १९५२ ते २००५ या काळातील नोंदींचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बर्फ वितळण्याचा भर पूर्वी एप्रिलच्या आरंभी असे, तो मार्चच्या अखेरीस आला आहे. तारीख पाठ करून नदीवर जाणाऱ्यापेक्षा तापमापी घेऊन जाणाऱ्याचा अंदाज आता अधिक खरा ठरतो.

आपल्या ओढ्यावर

आपल्याकडे बर्फ नाही, ट्राउट नाही. पण फुगलेली नदी आहे. पहिल्या पावसात कोकणात वलगणीचे आणि घाटमाथ्याकडे चढणीचे मासे पकडायची धांदल उडते. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणारे हे मासेही मधल्या लोंढ्याशी झुंजत बसत नाहीत, काठाकाठाने, शेतांत शिरलेल्या पाण्यातून वाट काढतात. त्यांच्या वर चढण्याचे कारण वेगळे आहे, पण पाण्याचा हिशेब तोच. जुन्या माणसांनी काठच्या बांधावर, ओहळाच्या तोंडाशी सापळे लावायची पद्धत पाडली, त्यामागे हेच निरीक्षण आहे.

आणि माणसाचा हिशेबही तोच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पाणी एकाएकी वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. दरवर्षी पुलावरून, फरशीवरून, ओढ्यातून जाताना अशा घटना घडतात. "गुडघाभर तर पाणी आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. खोली डोळ्यांना दिसते, वेगाचा वर्ग दिसत नाही. तो वर्गात शिकवावा लागतो.

करून पाहा

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घोट्याइतक्या पाण्याच्या ओढ्यावर किंवा शेताच्या पाटावर विद्यार्थ्यांना न्या. काठाने १० मीटर अंतर दोरीने मोजा. एक संत्रे पाण्यात सोडा. ते बहुतांश बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी काढा. समजा २० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. सरासरी वेगासाठी त्याला ०.८५ ने गुणा. ओढा दीड मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असेल तर विसर्ग येतो ०.१३ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार क्युसेक. बातम्यांतल्या "पंचवीस हजार क्युसेक"चा अर्थ मग मुलांना वेगळाच कळतो.

आता तेच संत्रे काठालगत सोडा, मोठ्या दगडाच्या मागे सोडा. एका बारीक काठीला दर पाच सेंटिमीटरवर लोकरीचे धागे बांधून ती पाण्यात उभी धरा. वरचा धागा ताठ होईल, तळचा लुळा पडेल. मुलांना विचारा, "तुम्ही मासा असता तर कुठे थांबला असता?" आणि मग पुढचा प्रश्न, "हाच ओढा जुलैत छातीइतका असताना तुम्ही त्यात उतराल का?" मोजमाप त्यांनीच केलेले असल्याने उत्तरही तीच देतील.

त्या दिवशी बीव्हरकिलवर दुपारी पावणेतीनला तापमापीने साडेनऊ अंश दाखवले. थोड्याच वेळात राखाडी पंखांचे काही कीटक पाण्यावर दिसू लागले. आमचे सहकारी एका वाकलेल्या झाडाच्या मुळांपाशी गुडघे टेकून बसले आणि काठापासून जेमतेम दीड मीटरवर माशी सोडली. चौथ्या वेळी दोरी थबकली. ओल्या हाताने, पाण्याबाहेर न काढताच, त्यांनी गळ सोडवला आणि ठिपक्यांचा तो तपकिरी मासा परत आपल्या जागी गेला. त्यांचे बूट शेवटपर्यंत गाडीतच होते.